डंबेल धरून ठोसा मारू नका

दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली की आमच्या कराटेच्या वर्गात एखादा तरी मुलगा दोन-दोन किलोचे डंबेल घेऊन येतो. मालवणच्या खाऱ्या हवेत दिवाळीपर्यंत त्यांना गंज धरतो, पण पहिल्या दिवशी ते चकचकीत असतात आणि प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, हे हातात धरून पंच मारले तर पंचमध्ये ताकद येईल ना?"

नाही येणार. उलट पंच बिघडेल आणि कोपरही बिघडू शकेल. एवढं ठामपणे सांगते, कारण एकोणिसाव्या वर्षी मी हेच केलं होतं. तीन किलोचे डंबेल, रोज दोनशे ठोसे. तिसऱ्या आठवड्यात उजवं कोपर इतकं दुखायला लागलं की विहिरीवरून कळशी आणणं जमेना. पुढचे दोन महिने वर्गात भिंतीला टेकून इतरांचा सराव बघत बसले. ज्यांनी मला हा व्यायाम सांगितला त्यांनी मनापासूनच सांगितला होता. त्यांनाही कुणीतरी तसाच सांगितला असणार. ही साखळी कुठेतरी तुटायला हवी, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी डंबेलचंच बघू. वजन हातात घेतलं की ते खाली ओढलं जातं, सरळ जमिनीकडे. ठोसा जातो समोर. म्हणजे डंबेलचा भार ठोशाच्या दिशेला विरोध करतच नाही. तो फक्त हात खाली पाडायचा प्रयत्न करतो, आणि तो हात वर धरून ठेवायचं काम खांद्याच्या पुढच्या स्नायूंवर येतं. ते थकतात, खांदा कानाकडे चढतो, कोपर बाहेर फाकतं. शेवटी हात सरळ होतो तेव्हा ते तीन किलो भरधाव पुढे निघालेले असतात आणि त्यांना थांबवायला सांध्याशिवाय कुणी नसतं. दोनशे वेळा ठोसा मारून आपण दोनशे वेळा चुकीचा ठोसा घोटतो. पायाला वजनाचे पट्टे बांधून लाथा मारणाऱ्यांच्या गुडघ्याचंही हेच होतं.

मग बळ कमवायचंच नाही का? कमवायचं, आणि नेटानं कमवायचं. फक्त ते वेगळ्या जागी, वेगळ्या हालचालींतून कमवायचं आणि मग सरावाच्या वेळी ठोशात उतरवायचं. या सगळ्या लेखात माझं म्हणणं एवढंच आहे. पण ते पटायचं तर शरीरात काय घडतं ते थोडं समजून घ्यावं लागेल.

बळ, झपाटा आणि दम

आपण 'ताकद' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. जड वस्तू हलवता येणं हे बळ. तेच बळ क्षणात लावता येणं हा झपाटा. आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करता येणं हा दम. पाचशे बैठका मारणाऱ्या माणसाचा दम वाखाणण्यासारखा असतो, पण तो जड पोतं उचलेलच असं नाही. आणि पोतं उचलणारा झपाट्यानं लाथ मारेलच असंही नाही.

झपाट्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. स्नायूला आपली पूर्ण ताकद उभी करायला साधारण ०.३ सेकंद किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. ठोसा किंवा लाथ बहुतेक वेळा त्याआधीच संपलेली असते. म्हणजे लढतीत तुमचं पूर्ण बळ कधीच वापरात येत नाही. त्यातला जेवढा भाग पहिल्या काही शतांश सेकंदांत उभा राहील तेवढाच कामाचा. म्हणून काही जण म्हणतात, मग जड वजनं कशाला उचलायची? कारण मुळात घागरच लहान असेल तर पहिल्या ओंजळीतही थोडंच पाणी येणार. घागर मोठी करणं हे बळाच्या व्यायामाचं काम. ओंजळ पटकन भरायला शिकणं हे उड्या, फेक आणि प्रत्यक्ष ठोसे यांचं.

१९३८ मध्ये ए. व्ही. हिल या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञांनी बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून एक नातं मांडलं. ओझं जितकं जड, तितका स्नायू सावकाश आखडतो. ओझं हलकं, तितका वेग जास्त. ऐकायला साधं वाटतं, पण व्यायामाची आखणी यावरच उभी आहे. फक्त जड केलं तर त्या नात्याचं एक टोक सुधारतं, फक्त हलकं-जलद केलं तर दुसरं. लढणाऱ्याला दोन्ही टोकं लागतात.

आता स्नायूच्या आत डोकावू. एक चेतापेशी आणि तिच्या हुकमातले स्नायूतंतू मिळून एक टोळी होते. अशा लहानमोठ्या शेकडो टोळ्या एकेका स्नायूत असतात. मेंदू सगळ्यांना एकदम कामाला लावत नाही. आधी लहान टोळ्या, जोर वाढवायची गरज पडली की मोठ्या. एल्वुड हेनेमन यांनी हा क्रम दाखवून दिला. आमच्याकडच्या माणसाला हे समजायला सोपं आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, हलकी असली की दोराला मोजकी माणसं पुरतात. जाळं जड लागलं की घराघरांत हाक जाते आणि सगळी वाडी दोराला लागते. स्नायूतल्या मोठ्या, झपाटेदार टोळ्या अशाच हाकेशिवाय उठत नाहीत. दोन किलोच्या डंबेलला त्या ढिम्म हलणार नाहीत. ओझं खरोखर जड हवं, किंवा हालचाल खरोखर जीव तोडून जलद हवी.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत बळ झपाझप वाढतं, पण दंड-मांड्या आरशात तशाच दिसतात. मुलं नाराज होतात. खरं तर तेव्हा बदल चालू असतो तो चेतासंस्थेत. तेच स्नायू, पण हाक जोरात जाते, जास्त टोळ्या येतात आणि एका ठेक्यात ओढायला शिकतात. वजनगटात खेळणाऱ्यांसाठी ही चांगलीच बातमी आहे. बळ वाढलं म्हणजे अंगाचं वजन वाढलंच पाहिजे असं नाही.

दांडीच्या किनाऱ्यावर

ठोसा हाताचा नसतो, हे मला वर्गात ऐकून कधीच कळलं नव्हतं. कळलं ते रापणीवर. कोपर बरं झाल्यानंतरची गोष्ट. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर एके सकाळी रापण ओढणं चाललं होतं. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं टाकलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणि दोन्हीकडे माणसांची रांग. मीही दोर धरला. कोपर वाकवून, दातओठ खाऊन हातांनी ओढत होते. माझ्या पाठी सत्तरीचे एक काका होते, अंगानं काटकुळे. ते म्हणाले, "गो चेडवा, हातान कित्याक वढतंस? हात म्हंजे गळ. पाठी पड आणि पायान वाळू रेट."

मी हात सरळ सोडले, पाठीमागे कलले, टाचा वाळूत रोवल्या आणि पायांनी वाळू ढकलली. दोर सरकला. दंड जवळजवळ ढिले होते. पायातून निघालेला जोर कमरेतून, पाठीतून हातापर्यंत पोचत होता आणि हात खरंच गळासारखे फक्त अडकवलेले होते.

ठोशातही हेच घडतं, दिशा तेवढी उलटी. मागचा पाय जमीन ढकलतो, कंबर फिरते, धड तो फिरका पुढे देतं, हात सगळ्यात शेवटी निघतो. १९८० च्या दशकात सोव्हिएत अभ्यासकांनी बॉक्सरांच्या सरळ ठोशाची अशी फोड करून पाहिली होती. कसलेल्या बॉक्सरांच्या ठोशात मागच्या पायाच्या रेट्याचा वाटा सुमारे ३८ टक्के निघाला, नवख्यांच्या ठोशात १६-१७ टक्के. हात सगळ्यांकडेच असतात. फरक पाय आणि कंबर वापरता येण्यात होता.

म्हणून माझ्याकडे ठोसा वाढवायला येणाऱ्याचा व्यायाम आधी पायांचा सुरू होतो. मुलांना हे आवडत नाही, पण त्याला इलाज नाही.

मग करायचं काय

हालचाली पाचच आहेत. खाली बसून उठणं, कमरेतून वाकून जमिनीवरचं उचलणं, ढकलणं, ओढणं आणि ओझं घेऊन चालणं. जिम असेल तर उत्तम, बारबेलसारखं दुसरं साधन नाही. पण आमच्या निम्म्या मुलांच्या गावात जिम नाही, आणि त्यावाचून अडतही नाही.

बसण्या-उठण्यासाठी वाळूचं पोतं छातीशी कवटाळून बैठक मारायची. वीस लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरलं तर वीस किलो होतं, कोरडी वाळू भरली तर तीस किलोच्या वर. ओली वाळू त्याहून जड, त्यामुळे पावसाळ्यात पडवीबाहेर राहिलेलं पोतं आपोआप भारी होतं, ते लक्षात ठेवून वहीत लिहा. पाठ ताठ, टाचा जमिनीवर, गुडघे पायांच्या बोटांच्या दिशेनं. बैठक सोपी झाली की एक पाय मागे पायरीवर ठेवून एका पायाची बैठक. कराटेत लाथ मारताना आपण एका पायावरच असतो.

कमरेतून उचलण्यासाठी जांभ्या दगडाचा चिरा आहेच. आकारानुसार तो पंचवीस ते पस्तीस किलोचा भरतो. कडा खरखरीत असतात, म्हणून गोणपाटात गुंडाळायचा. इथे सगळी चूक पाठीची होते. चिरा उचलताना पाठ कमानीसारखी वाकवायची नाही. ढुंगण मागे ढकलायचं, पाठ फळीसारखी सरळ ठेवायची, चिरा नडग्यांच्या जवळ ठेवायचा आणि मग पायांनी जमीन ढकलत उभं राहायचं. मी मुलांच्या पाठीवर एक काठी उभी धरते. डोकं, दोन्ही खवाटे आणि माकडहाड, तिन्ही काठीला टेकलेले राहिले पाहिजेत. काठी एका जागी जरी सुटली तरी वजन कमी करायचं. हा व्यायाम नीट बसला की कमरेचा झटका काय असतो ते शब्दांनी सांगावं लागत नाही.

ढकलण्यासाठी दंड किंवा जोर आहेतच. पाय जोत्यावर ठेवले की ते जड होतात. ओढण्यासाठी पुलअप्स, आणि ते जमत नसतील तर आडव्या बांबूखाली तिरकं होऊन छाती बांबूला लावणं. ज्युदो आणि कुस्तीवाल्यांनी बांबूवर जाड पंचा टाकून तो धरून ओढावं. समोरच्याची पकड सोडवताना बोटांचं बळ किती लागतं ते त्यांना वेगळं सांगायला नको. आणि चालण्यासाठी दोन भरलेले कॅन दोन हातांत घेऊन अंगणातून फेऱ्या. मग एकाच हातात घेऊन. एका बाजूला ओझं असलं की शरीर त्या बाजूला कलू पाहतं आणि पोटाच्या कुशीतले स्नायू त्याला आवरून धरतात. शिमग्यात पालखी खांद्यावर नाचवणारे हेच करतात, म्हणून त्यांची कंबर इतकी पक्की असते.

किती? नवख्यानं प्रत्येक हालचालीच्या आठ-दहाच्या दोन-तीन खेपा. दोन-तीन महिन्यांनी वजन वाढवून पाचपाचच्या तीन-चार खेपा. प्रत्येक खेपेत आणखी दोन वेळा जमलं असतं असं वाटतानाच थांबायचं. आणि जड खेपांच्या मध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती घ्यायची, घड्याळ लावून. मुलांना हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. पण धापा टाकत पुढची खेप घेतली की बळाचा व्यायाम दमाचा होऊन बसतो, आणि आपण ज्यासाठी आलो ते राहूनच जातं.

झपाट्यासाठीचं काम सगळ्यात आधी, अंग ताजं असताना. उभ्यानं लांब उडी, तीन-तीनच्या तीन-चार खेपा. आणि आमचा आवडता व्यायाम, असोल्या नारळाची फेक. सोडण न काढलेला नारळ दोन्ही हातांत कमरेशी धरायचा, मागचा पाय आणि कंबर फिरवून तो बाजूला मोकळ्या वाळूत जितका लांब जाईल तितका फेकायचा. बाजारात मेडिसिन बॉल म्हणून महागाचा चेंडू मिळतो, त्याचं काम हा नारळ करतो. डंबेल आणि या नारळात फरक काय? नारळ हातातून सुटतो. शेवटी त्याला थांबवावं लागत नाही, त्यामुळे शरीर शेवटपर्यंत वेग वाढवत राहू शकतं.

मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी एक व्यायाम मात्र कुणी चुकवू नये. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे आणि आपण धड सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं, जितकं रोखता येईल तितकं रोखत. शेवटी हात टेकायचे. याला नॉर्डिक म्हणतात. फुटबॉलपटूंवर झालेल्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर हा व्यायाम करणाऱ्यांत मांडीमागच्या दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्या. उंच लाथ मारणाऱ्यांचा तोच स्नायू आधी दुखावतो. सुरुवातीला आठवड्याभरात मिळून चार-पाचदाच झुकणं पुरे, नाहीतर दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही.

वाळूत सराव करावा का, हे बरेच जण विचारतात. दमासाठी जरूर. वाळूत धावायला कडक जमिनीपेक्षा साधारण दीडपट ऊर्जा लागते, कारण पाय रुततो आणि स्नायुबंधांची रबरासारखी उसळी वाळूच पिऊन टाकते. पण त्याच कारणानं झपाट्याच्या उड्या वाळूत घेऊ नयेत. त्या खळ्यात किंवा ओहोटीनंतरच्या घट्ट वाळूवर घ्याव्यात. आणि किनारा समुद्राकडे उतरता असतो, एक पाय कायम खाली पडतो. जितकं जाल तितकं त्याच वाटेनं परत या.

अंग जड होत नाही का?

जुन्या लोकांची ही शंका मला खरी वाटते, फक्त तिचं कारण वेगळं आहे. २०१० मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी कसलेल्या एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती असं सगळं चालणारी मिश्र लढत) लढवय्यांच्या स्नायूंतले विद्युतसंकेत फटका मारताना मोजले. फटका निघताना स्नायू एकदा जोरात आखडले. हात-पाय हवेत असताना ते ढिले पडले. लागायच्या क्षणी पुन्हा आखडले. मधला ढिलेपणा वेगासाठी, कारण ताणलेला स्नायू ब्रेकसारखा काम करतो. शेवटचा आखडा अशासाठी की शरीराचं वजन त्या फटक्यामागे एकसंध उभं राहावं. कराटेत ज्याला किमे म्हणतात तो हा दुसरा आखडा.

बळाचा व्यायाम आखडायला शिकवतो. ढिलं सोडायला तो शिकवत नाही. ज्यानं सहा महिने नुसती वजनं उचलली आणि ठोसे मारले नाहीत, तो खरोखर जड होतो, कारण त्याचा मधला ढिलेपणा हरवतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीची बैठक चाळीस किलोच्या पोत्यानिशी होती, पण ठोसा मऊ लागायचा. मी तिच्या मानेच्या बाजूला, खांद्यावरच्या स्नायूवर दोन बोटं ठेवली आणि तिला ग्याकुझुकी, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारायला सांगितलं. तो स्नायू ठोसा निघायच्या आधीपासून दगडासारखा होता आणि हात परत आला तरी दगडच. मग महिनाभर आम्ही एकच केलं. बळाच्या व्यायामाच्या आधी दहा मिनिटं पॅडवर सावकाश, अर्ध्या जोरानं ठोसे, आणि माझी बोटं तिच्या खांद्यावर. फक्त पॅडला मूठ लागेल तेव्हाच तो घट्ट व्हायला हवा. तिच्या पोत्याचं वजन त्या महिन्यात एक किलोही वाढलं नाही. पण पॅड धरणारी मुलगी महिनाअखेरीस दोन पावलं मागे सरकायला लागली.

बळाची साधनं आणि कला यांची ही जोडी नवी नाही. जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या जुन्या कराटेत होजो उंदो म्हणजे पूरक व्यायाम होताच. दांड्याला दगड बसवलेलं चि-इशी हातात घेऊन फिरवायचे. आपला मुद्गल ज्यानं घुमवला आहे त्याला ते लगेच ओळखू येईल. तोंडाच्या काठाला बोटांनी धरून उचलायचे मातीचे घट असत, आणि पकड सुधारेल तशी त्यात थोडी थोडी वाळू वाढवत. आज ज्याला टप्प्याटप्प्यानं भार वाढवणं म्हणतात ते हेच. गोजू-र्यू या कराटेशैलीचे संस्थापक चोजुन मियागी यांच्या शिकवणीत या साधनांना मानाची जागा होती. आपले दंड, बैठका, मुद्गल, मल्लखांबही याच जातीचे. माझी तक्रार एवढीच की आपण आकडा वाढवत बसतो, भार वाढवत नाही. शंभर बैठका सहज होत असतील तर दोनशे करण्यापेक्षा पोतं उचला.

वर्ग, व्यायाम आणि विश्रांती यांची सांगड

१९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हिकसन यांनी दहा आठवड्यांचा एक प्रयोग केला. एका गटाला फक्त बळाचा व्यायाम, एका गटाला फक्त दमाचा, तिसऱ्याला दोन्ही भरपूर. तिसऱ्या गटाचं बळ सुरुवातीला पहिल्या गटासारखंच वाढलं, पण सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास अडलं आणि शेवटी उतरायला लागलं. एकाच शरीराकडून सगळं एकाच वेळी आणि सगळं कमाल मागितलं तर असं होतं.

आमचे वर्ग सोमवार-बुधवार-शुक्रवार असतात. बळाचा व्यायाम मंगळवारी आणि शनिवारी, प्रत्येकी पाऊण तास. एकाच दिवशी दोन्ही करायची वेळ आली तर सराव आधी, बळ नंतर, मध्ये शक्यतो पाच-सहा तास. थकलेल्या पायांनी कातांचा, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकांचा, सराव केला तर चुकीची पावलंच पक्की होतात. पावसाळ्यात स्पर्धा कमी, तेव्हा बळावर भर. स्पर्धा जवळ आली की बळाचा व्यायाम आठवड्यातून एकदाच, थोडा पण जड. तेवढ्यानं कमावलेलं काही आठवडे टिकतं. वाचलेला वेळ दमाला द्यायचा. मोठ्यांची कुमिते, म्हणजे कराटेतली समोरासमोरची लढत, तीन मिनिटांची, ज्युदोची चार, तायक्वांदोत दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. दमाचा सराव त्या मापानं बांधावा, तासभर रमतगमत धावून तो येत नाही.

आणि घरचं काम मोजायला विसरू नये. आषाढात दिवसभर लावणी करून आलेल्या मुलीला मी त्या आठवड्यात चिरा उचलायला सांगत नाही. चिखलात सात-आठ तास वाकून तिचा तो व्यायाम झालेला असतो.

पालक दोन गोष्टी नेहमी विचारतात. मुलीचे दंड पुरुषासारखे होतील का? नाही. स्त्रीच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पुरुषाच्या मानानं फारच कमी असतं, तसे स्नायू आपोआप येत नाहीत. बळ मात्र येतं, हाडंही घट्ट होतात. मुलांची उंची खुंटते का? जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पद्धत शिकून, झेपेल तेवढं वजन घेतलं तर वाढीवर परिणाम होत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही हेच मत आहे. लहानांना मी आधी काठीनं पाठ शिकवते, वजन फार नंतर.

खाण्याबद्दल थोडं. बळाचा व्यायाम करणाऱ्याला दिवसाला अंगाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या मुलीला ऐंशी ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या आसपास असतात, एका अंड्यात सहा. श्रावणात मासे बंद होतात तेव्हा पंचाईत होते, कारण नुसत्या भात-आमटीवर हा आकडा गाठत नाही. तेव्हा कुळथाची पिठी दोन वेळा, चवळी, शेंगदाणे, दही-ताक यांची बेरीज करावी लागते. पावडरच्या डब्यावर पैसे घालण्याआधी ताट मोजा.

घामाचं मात्र इथे विशेष आहे. कोकणच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. एप्रिल-मेमध्ये सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून बघा. एक किलो कमी भरलं म्हणजे जवळजवळ लिटरभर पाणी गेलं. ते पाण्याबरोबर मीठ घेऊनही भरून काढायला हवं. सरावानंतर मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज हा मी मुलांना सांगते तो पहिला उपाय.

मांड्या दोन दिवस ठणकणं स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणं, एका ठरावीक कोनात कळ येणं, रात्री झोप मोडणारं दुखणं हे स्वाभाविक नाही. तिथे थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. मी दोन आठवडे थांबले असते तर दोन महिने बसावं लागलं नसतं.

राहता राहिले ते दोन किलोचे डंबेल. ते परत करू नका, त्यांचं एक काम आहे. हजारो ठोसे मारणाऱ्याचा खांदा पुढून बळकट आणि मागून कमजोर होतो. ठोसा मारताना हाताला आवरणारे खांद्यामागचे स्नायू छोटे असतात, त्यांना दोन किलो भरपूर. एका कुशीवर निजा, वरच्या हाताचं कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा, डंबेल पोटासमोर धरा. कोपर न सोडता मूठ सावकाश आढ्याकडे न्या, त्याहून सावकाश खाली आणा. पंधरा वेळा, मग कूस बदलून पंधरा. आठवड्यातून दोनदा, व्यायामाच्या शेवटी. नंतर डंबेल पुसून त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवा, म्हणजे दिवाळीपर्यंत गंज धरणार नाही.